उकंडाजींची अर्धी नाली

वाशीमच्या कमेटीच्या कचेरीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या, एक बाकडं होतं, आणि उकंडाजी यांतल्या कशावरही कधी बसले नाहीत. ते उंबरठ्यावर बसायचे. कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांना ओलांडून जावं लागे. मेंबर मंडळी धोतराचा सोगा उचलून ओलांडायची, चपराशी पुटपुटत ओलांडायचा, आणि एकदा तर खुद्द तहसीलदारसाहेब त्यांना ओलांडताना अडखळून थेट माझ्या टेबलावर आले होते. साहेबांची पगडी माझ्या दौतीत आणि माझी दौत साहेबांच्या कोटावर. उकंडाजींनी मान वर करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हळू या, सायेब. इथी उंबरठा हाये."

"अहो उकंडाजी, उंबरठ्यावर बसू नये, अवदसा येते," मी एकदा म्हणालो.

"तुमच्या कचेरीत ते यायाची अजून बाकी हाये का?"

"निदान बाकड्यावर तरी बसा."

"बाकड्यावर पाय अधांतरी रायते, बाबू. पाय जमिनीले नसले तं मले आयकू येत नाई."

कमेटी म्हणजे नगरपालिका. आमच्याकडे तिला सगळे कमेटीच म्हणत. मी तिथे कारकून होतो. बैठकीत मेंबरांनी भांडून भांडून जे ठरवलं असेल ते दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं, हे माझं मुख्य काम. माझं अक्षर त्या काळी फार देखणं होतं. भांडणसुद्धा वहीत उतरलं की पोथीसारखं दिसे.

उकंडाजी माळीपुऱ्यातले. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मताच आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. "यमाले वाटलं घान हाये," ते सांगायचे, "नाक दाबून पुढं गेला." अंगानं किरकोळ. सारं शरीर जणू पावलांसाठी सामान वाचवून केलेलं. पावलं मात्र ही एवढी मोठी, बोटं फाकलेली, टाचा भेगाळलेल्या. त्या पायांना जोडा कधी माहीत नव्हता, आणि जोडा घातला असता तर वाशीमचं नुकसान झालं असतं, कारण आख्ख्या पंचक्रोशीत जमिनीचा ढाळ, म्हणजे उतार, ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. नवा मळा लावायचा असला, विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाट न्यायचा असला, की लोक रिठदहून, जऊळक्याहून गाडी पाठवून त्यांना नेत. हे शेतातून एकदा अनवाणी चालत जायचे, कुठे थांबायचे, अंगठा जमिनीत दाबायचे, आणि सांगायचे, "इकून." पाणी तिकडूनच जायचं.

पाण्याविषयी बोलताना ते घरच्या माणसाविषयी बोलल्यासारखं बोलत. "पानी म्हनजे नवी सून. तिले मांगून ढकलू नोका. पुढं वाट करून द्या, ते आपल्या पायानं येते." कुठलीही गोष्ट जमली की त्यांचा एकच शब्द ठरलेला होता: "बसला ढाळ." सोयरीक जमली, बसला ढाळ. भाऊबंदकी मिटली, बसला ढाळ. माझ्या धाकट्याचा महिनाभराचा खोकला थांबला तेव्हा उंबरठ्यावरून आवाज आला, "बसला का ढाळ पोराच्या छातीचा?"

आता हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसवतोही. पण उकंडाजी कचेरीत अकरा वर्षं येत होते ते एका अर्जासाठी.

वाशीम उंचवट्यावर आहे. पेठेतल्या घरांचं सांडपाणी पक्क्या नालीतून वाहत यायचं आणि पेठेच्या शेवटच्या कोपऱ्यावर नाली एकदम संपायची, जणू बांधणाऱ्याला तिथे झोप लागली असावी. पुढे पाण्यानं आपलं आपण पाहावं. ते पाहत पाहत खाली उतरे, आणि सगळ्यात खाली होता माळीपुरा. चाळीस घरं. साऱ्या गावाला मेथी, वांगी, कोथिंबीर पुरवणारी. त्यांच्या दारांत गावाची घाण साचे, आणि त्या घाणीपासून वीस-पंचवीस पावलांवर त्यांचा पिण्याच्या पाण्याचा आड. पावसाळ्यात तिथे पटकी येई. एका श्रावणात तीन दिवसांत उकंडाजींची थोरली सून आणि नातू गेले. हे मला त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी सांगितलं. उकंडाजी त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात ते पहिल्यांदा कमेटीच्या उंबरठ्यावर येऊन बसले, एवढंच.

मागणी साधी होती. पेठेच्या कोपऱ्यापासून पक्की नाली पुढे न्या, माळीपुऱ्याच्या बाहेरून काढा आणि खालच्या नाल्यात सोडा. कमेटीचा नियम असा की ज्या पुऱ्याला नाली हवी त्यानं खर्चाचा तिसरा हिस्सा आधी भरावा. माळीपुऱ्याकडे रोकड कुठली? मेंबर गोड हसत, अर्ज खाली ठेवत, आणि उकंडाजी पुढच्या महिन्यात परत येत.

हे इतकी वर्षं अडलेलं गाडं हलवलं भाऊसाहेब वकिलांनी. खरं ते सांगायला पाहिजे. भाऊसाहेब कमेटीचे उपाध्यक्ष, गोरेपान, आवाज असा की कोर्टात साक्षीदार नुसत्या आवाजानं कबूल व्हावा. पूर्वी त्यांनी माळीपुऱ्याचा एका विहिरीचा खटला फुकट लढवला होता आणि जिंकला होता. तेव्हापासून उकंडाजी त्यांना देवाच्या खालोखाल मानत. भाऊसाहेबांच्या परसातली बाग उकंडाजींनी आखून दिली होती आणि त्यांच्या घरची भाजी रोज माळीपुऱ्यातून जायची. भाऊसाहेब एक दिवस कचेरीत आले, उंबरठ्यापाशी थांबले, उकंडाजींना ओलांडलं नाही, तर चक्क त्यांच्या शेजारी उंबरठ्यावर बसले. मलमलचं धोतर, उंची कोट, आणि बसले! चपराशी बघतच राहिला.

"उकंडाजी, यंदा तुमची नाली करायची. तिसरा हिस्सा तुम्ही जमवा, बाकी माझ्यावर सोडा."

तिसरा हिस्सा कसा जमला ती गंमत ऐका. गयाबाई फार तिखट बाई. त्यांनी पुऱ्यातल्या बायकांना सांगितलं, "रोकड नसन तं नसन. दर बजाराले दर घरची एक टोपली नालीची. तिचा पैसा घरात आनाचा नाई, हातात धराचा नाई, सिद्दा कमेटीत." झालं! दर रविवारी बाजारात माळीपुऱ्याच्या ओळीच्या टोकाला चाळीस टोपल्या वेगळ्या लागायच्या आणि गयाबाई ओरडायच्या, "नालीची मेथी घ्या वं बाई! नालीचे वांगे घ्या!" नवखी माणसं नाक मुरडायची, माहीतगार हसून दोन जुड्या जास्त घ्यायची. पहिल्या रविवारी पहिली टोपली भाऊसाहेबांनी स्वतः घेतली, टाळ्या वाजल्या. संध्याकाळी ओंजळभर चिल्लर माझ्या टेबलावर ओतली जायची आणि मी पावती फाडायचो. ओल्या कोथिंबिरीचा वास यायचा त्या पैशांना. दीड वर्षात तिसरा हिस्सा पुरा झाला. त्या दिवशी उंबरठ्यावरून जो "बसला ढाळ" निघाला, तो पेठेत ऐकू गेला असेल.

मग अकोल्याहून मोजणीला ओव्हरसियर आला. गावानं त्याचा लगेच ओव्हरशेर केला. डोक्यावर टोप, पायात गुडघ्यापर्यंत बूट, तीन पायांची दुर्बीण, आणि आकडे लिहिलेली पट्टी धरणारे दोन खलाशी. दोन दिवस त्यानं माळीपुऱ्यात खुंट्या ठोकल्या. उकंडाजी मागे मागे. तिसऱ्या दिवशी एका खुंटीपाशी थांबले, अंगठा दाबला.

"सायेब, इथून पानी वापस येईन."

"दुर्बिणीत उतार स्पष्ट दिसतो आहे."

"दुर्बिणीत असन. जमिनीत नाई."

ओव्हरशेरचा चेहरा टोपाखाली लाल झाला. सारा पुरा जमला. उकंडाजींनी कुदळीनं खुंट्यांच्या रेषेत वीतभर खोल चर ओढला आणि गयाबाईंनी वरच्या टोकाला घागर ओतली. पाणी निघालं. ऐटीत निघालं. दहा हात गेलं, मंद झालं, थांबलं, त्यानं विचार केला (हो, मी पाहिलं, पाणी विचार करत होतं!), आणि वळून, जसं गेलं तसं परत येऊन ओव्हरशेरच्या बुटाभोवती तळं करून बसलं.

गयाबाई म्हणाल्या, "पाय धुतले पान्यानं सायेबाचे. आता पाट मांडा, जेवाले बसवा!"

हसून हसून लोक जमिनीवर बसले. आणि ओव्हरशेरही दिलाचा माणूस निघाला. त्यानं दुर्बीण तपासली, तर तिचा एक पाय माळीपुऱ्याच्या चिखलात चार बोटं रुतला होता. टोप काढून तो म्हणाला, "बाबा, रेषा तू दाखव. मी कागदावर घेतो." तशी ती नाली आखली गेली: वर स्टेशनच्या बाजूचं टेकाड, तिथून पेठेचा कोपरा, तिथून माळीपुऱ्याची वेस, मग उकंडाजींच्या मळ्याच्या कडेनं खालचा नाला. टेकाडापासून सुरुवात हे भाऊसाहेबांचं म्हणणं. टेकाड त्यांच्याच मालकीचं होतं, तिथे प्लॉट पाडायचे होते. वरून धो धो पाणी आलं की नाली धुऊन निघेल, असं ते म्हणाले, आणि उकंडाजींना ते पटलं.

लग्नाच्या पंगतीत मला कुणी आग्रह केला की ही गोष्ट मी ओव्हरशेरच्या बुटापर्यंत सांगतो. पंगत हसते, माझ्या पानात एक जिलबी जास्त पडते, आणि मी थांबतो. पुढचं मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो.

माळी लोकांची पाट खणायची एक रीत आहे. पाट शेपटाकडून खणतात. शेवटच्या वाफ्यापासून सुरुवात, मग वर वर येत विहिरीपर्यंत. विहिरीचं तोंड सगळ्यात शेवटी. कारण पाणी एकदा सुटलं की ते कुदळीसाठी थांबत नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी उकंडाजी हेच सांगायला भाऊसाहेबांच्या ओसरीवर गेले. मी सह्यांचे कागद घेऊन तिथेच होतो.

"भाऊसायेब, नाल्याकून सुरू करू. वर येत जाऊ. वरून खंदत आलो अन् मधीच काम थांबलं, तं पानी कोनाच्या घरात जाईन?"

"अहो उकंडाजी, हा काय वांग्याचा पाट आहे? दगड, चुना येणार आगगाडीनं, उतरणार स्टेशनात. टेकाडावरून सुरुवात केली तर गाड्यांचं भाडं निम्मं. यंदा माळीपुऱ्याच्या वेशीपर्यंत, पुढच्या साली नाल्यापर्यंत. तोवर पेठेच्या कोपऱ्यावर बांध घालून ठेवू, जुन्या नालीचा थेंब आत येणार नाही."

"पुढच्या साली कमेटीनं नाई म्हनलं तं?"

"मी आहे ना!" भाऊसाहेब उठले, दोन्ही हात उकंडाजींच्या खांद्यांवर ठेवले. "विहिरीच्या खटल्यात सोडलं होतं का तुम्हाला?"

उकंडाजी पायाच्या अंगठ्यानं ओसरीच्या फरशीवर रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, "नाई सोडलं." आणि निघाले. "बसला ढाळ" म्हणाले नाहीत. ते मला तेव्हाच लक्षात आलं, पण मी काही कुणाचे शब्द मोजायला बसलो नव्हतो.

त्या उन्हाळ्यात अर्धी नाली झाली. आणि काय झाली म्हणता! घडीव दगड, चुन्याच्या दरजा, तळ हातानं घोटलेला. गवंड्यांच्या मागे उकंडाजी दिवसभर अनवाणी नालीतून चालत. एक दगड जरी अर्धं बोट वर वाटला तरी उकरायला लावत. गवंडी म्हणायचे, "म्हातारा पायानं वाचते." नाली माळीपुऱ्याच्या वेशीवर, उकंडाजींच्या मळ्याच्या बांधाशी येऊन थांबली. उरलेली पुढच्या साली.

त्यानंतर निवडणूक जवळ आली, आणि एका मंगळवारी बैठकीत ठराव झाला. नालीच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी ठेवलेली रक्कम स्टेशन रस्त्यावरच्या कंदिलांसाठी आणि टेकाडावरच्या प्लॉटांच्या रस्त्यासाठी वळवावी. सूचना भाऊसाहेबांची. बैठक संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि म्हणाले, "मतदान होईपर्यंत वही कपाटात राहू दे. तुमच्या हेडक्लार्कीचा कागदही त्याच कपाटात आहे, नाही का?"

बुधवारी सकाळी उंबरठ्यावर उकंडाजी हजर.

"काय झालं बाबू कालच्या बैठकीत? आमचं निंगालं का काई?"

मी ठराव लिहीत होतो. शाई अजून ओली होती. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी वहीवर टीपकागद ठेवला.

"कागद अकोल्याला जायचेत, उकंडाजी. तिकडून आले की कळेल."

"मंग ठीक," ते म्हणाले.

रविवारी नालीचं उद्‌घाटन होतं. अर्ध्या नालीचं उद्‌घाटन करणारी आमचीच कमेटी! टेकाडावर मांडव, पताका, बँडवाले. भाऊसाहेबांनी चार रेडे लावून पखालींतून स्वच्छ पाणी आणवलं होतं. अध्यक्षांनी फीत कापली, पखाली उघडल्या आणि पाणी निघालं. मी आणि शे-दोनशे लोक नालीच्या काठानं पाण्याबरोबर चालत, नंतर धावत खाली आलो. ते पाणी कुठे अडलं नाही, कुठे रेंगाळलं नाही, उड्या मारत माळीपुऱ्यात पोचलं.

आणि तिथे माळीपुरा नटून उभा होता.

नव्या पाटाचं पाणी पहिल्यांदा शेवटच्या वाफ्याला पोचतं तेव्हा माळ्यांच्या बायका त्याची पूजा करतात. आलेलं पाणी म्हणजे लक्ष्मी. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. नवं लुगडं नेसलेल्या गयाबाई नालीच्या तोंडाशी बसल्या. त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खणाची ओटी भरली, पाच सवाष्णींनी ओवाळलं. उकंडाजींनी नारळ फोडला. पाणी नालीतून बाहेर पडून त्यांच्या पायांवरून पुढच्या खड्ड्यात गेलं. तो माणूस डोळे मिटून, हात जोडून उभा होता. अकरा वर्षं. भाऊसाहेबांनी भाषणात त्यांना माळीपुऱ्याचा भगीरथ म्हटलं. सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मी. माझ्या बोटाला मंगळवारच्या ठरावाची शाई होती.

पंधरा दिवसांनी मतदान झालं. माळीपुऱ्याची मतं एकगठ्ठा भाऊसाहेबांना पडली आणि ते कमेटीचे अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या सोमवारी पेठेच्या कोपऱ्यावरचा बांध कमेटीच्या माणसांनी काढला.

पूर्वी पेठेचं निम्मं पाणी वाटेत मातीत मुरायचं. आता एक थेंब मुरत नव्हता. नाली पक्की होती, ढाळ उकंडाजींनी बसवलेला होता. पेठेतल्या मोऱ्या, न्हाण्या, गोठे, आणि पुढे टेकाडावर उठलेले बंगले, सगळ्यांचं सगळं सरळ माळीपुऱ्याच्या वेशीवर येऊन पडू लागलं. आठ दिवसांत आडापासून दहा पावलांवर काळं तळं झालं.

उकंडाजी ओसरीवर आले तेव्हाही मी सह्यांचे कागद घेऊन होतो. कारकुनाचं नशीब, सगळीकडे हजर.

"भाऊसायेब, बांध फुटला."

"फुटला नाही, उकंडा. काढला. तसा ठराव आहे." आतापर्यंतचा 'जी' कुठल्या तरी मतपेटीत राहून गेला होता.

"अन् खालची नाली?"

"ती रक्कम कंदिलांना गेली. परगावचा माणूस रात्री गाडीतून उतरतो, त्याला गाव दिसायला नको? पुढेमागे पाहू."

"आमचा तिसरा हिस्सा होता तिच्यात."

"तो या अर्ध्या नालीत कधीच लागला. हिशेब चोख आहे, विचार यांना." माझ्याकडे बोट झालं. मी मान हलवली. हिशेब खरंच चोख होता.

"तुमी म्हनले होते, मी हाये."

"आहेच की. कुठे गेलो?"

 उकंडाजी पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर चुकून ठेचकाळले. त्या पायांना ठेच लागलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

खरी शिक्षा त्यांना पुऱ्यानं दिली. लोकांना एकच दिसत होतं: टोपल्या मागायला म्हातारा दारोदार फिरला, आणि नाली येऊन थांबली ती त्याच्याच मळ्याच्या बांधाशी. गावाच्या घाणीच्या पाण्यावर भाजी कशी फोफावते हे माळ्याला सांगावं लागत नाही. त्यांचा पुतण्या किसन चारचौघांत म्हणाला, "काका, गाव धुऊन तुमच्या वाफ्यात खत आनलं. अन् पैसे आमच्या टोपलीचे!"

"किसन्या, मी कायले असं करीन बे?"

"मंग नाली तुमच्याच बांधाशी काहून थांबली?"

 आखणी तशीच होती, आणि ती उकंडाजींनीच दाखवली होती.

श्रावण जवळ येत होता. तळं आडाकडे सरकत होतं. एका सकाळी उकंडाजींनी कुदळ घेतली आणि स्वतःच्या मळ्याचा बांध फोडला. उभ्या वांग्यांतून, फुलावर आलेल्या मिरचीतून कच्चा चर नाल्यापर्यंत काढला आणि सगळी घाण आपल्या मळ्यात घेतली. आड वाचला. त्या वर्षी माळीपुऱ्यात पटकी आली नाही. पण पुरा बघत होता, आणि पुऱ्याला जे वाटत होतं त्याचा पुरावा मिळाला होता. "पाहा, घेतलं ना पानी मळ्यात," किसन म्हणाला.

चर कच्चा, तो जागोजागी फुटायचा. निम्मा मळा चिखल झाला. उरलेल्या निम्म्यात वांगी मात्र अशी आली की तळहातात मावू नयेत. गयाबाई ती घेऊन बाजारात बसल्या, आणि कुणी घेईना. नालीचं माळवं कोण खाईल? पेठेतल्या बायका लांबूनच लुगडं सावरून जायच्या, आणि तरी ते पाणी त्यांच्याच न्हाणीतलं होतं. सगळ्यात आधी भाजी बंद झाली ती भाऊसाहेबांच्या घरची. माझ्या घरची त्यानंतर. माझ्या बायकोनं विचारलं होतं, घेऊ का? मी म्हणालो, राहू दे.

उकंडाजी कचेरीत यायचे थांबले. उंबरठा मोकळा झाला, माणसं सरळ आत येऊ लागली. मी हेडक्लार्क झालो.

नंतरच्या पौषात कमेटीनं माळीपुऱ्यावर नालीपट्टी बसवली. जिथे पक्की नाली तिथे पट्टी, असा नियम. तिच्या नोटिसा वाटायला चपराशी तयार होईना, म्हणून मी स्वतः गेलो. उकंडाजींची नोटीस मुद्दाम शेवटी ठेवली होती. ते मळ्यात होते, दुपारच्या उन्हात फुटलेल्या चराला माती लावत. गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात. वास असा की माझा हात धोतराच्या सोग्याकडे गेला आणि तसाच नाकाशी राहिला. मला बघून त्यांनी कुदळ उभी केली.

मी नोटीस दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहून कमरेला खोचली. कसली म्हणून विचारलंसुद्धा नाही.

"बाबू, एक पुसू का?"

"विचारा."

"कंदिलाचा ठराव तुमच्याच हातचा ना?"

"माझ्याच. वही माझ्याकडेच असते."

"नारळ फोडला त्या दिवशी तुमी माह्या बाजूलेच होते." त्यांनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "तवा तुमाले ठाव होतं का?"

गोष्टी सांगण्यात माझा हात कुणी धरला नाही. एवढ्या माणसांच्या एवढ्या नकला मी केल्या, एका दमात दहा माणसांचे आवाज काढले. त्या दिवशी मला एकच शब्द काढायचा होता, आणि तो मी अगदी सहज काढला.

"नाही हो, उकंडाजी. मलाही मागाहूनच कळलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. दोन मोटांचा भार एकट्यानं ओढणाऱ्या बैलाच्या मानेवरचं जू काढल्यावर तो जसा उभा राहतो, तसे ते क्षणभर उभे राहिले.

"मी म्हनलंच गयीले," ते म्हणाले. "ते म्हने, सारेच सामील होते. मी म्हनलं, नाई वं, बाबूले ठाव असतं तं त्यानं मले सांगतलं असतं."

मी जायला वळलो. आलेल्या वाटेवर तेवढ्यात चर पुन्हा फुटला होता आणि काळं पाणी पसरत होतं. पाय कुठे टाकावा कळेना. मागून आवाज आला, "थांबा, थांबा बाबू. तिकून नोका जाऊ." ते चिखल तुडवत माझ्या पुढे आले, पायानं चाचपत एकेक घट्ट जागा शोधून दाखवू लागले, आणि मागे न बघता त्यांनी माझ्यासाठी हात लांब केला.

"इथी ठेवा पाय. आता इथी. तुमचे जोडे खराब होतीन."

मी त्यांचा हात धरला, आणि ते दाखवत होते तिथे तिथे पाय ठेवत बाहेर आलो.